पावणेदोन तासांवरचा मामा

बंगळूर ते नागपूर विमानाला पावणेदोन तास लागतात, हे माझ्या नवऱ्याचं आवडतं वाक्य. आष्टीला फोन लावला की देवेंद्र बहिणीला हेच ऐकवतो, "छाया, पावणेदोन तासाचं तं अंतर हाये. बोलाव, आलोच." जणू विमान तिच्या अंगणात उतरतं! नागपूरहून आष्टीपर्यंतचे गाडीचे अडीच तास तो कधी धरतच नाही.

भाचीच्या, मैत्रेयीच्या लग्नालाही त्यानं हाच हिशेब लावला. मुहूर्त साडेअकराचा. नवरीला मामानं मांडवात आणायचं आणि अंतरपाट सरेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, एवढाच काय तो त्याचा मान. मी म्हटलं, आदल्या दिवशी जाऊ. तर हसला. "अवो, आपल्याकडं साडेअकराचं लग्न दीडले लागते. नाचल्याबिगर वरात हलते का? सकाळच्या विमानानं जाऊ अन् रातच्या विमानानं वापस." मला पटलं. माझ्या लग्नात वरात येईपर्यंत हार कोमेजले होते, आणि नवरदेव हाच होता.

विमान अगदी वेळेवर उतरलं. कोंढाळीला गाडी थांबवून यानं निवांत चहासुद्धा घेतला. कारंज्याजवळ छायाताईंचा फोन आला, "दादा, कुठंसा हायेस?" हा म्हणाला, "आलोच." मग फोन आला नाही.

आम्ही मांडवात शिरलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. मैत्रेयीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. शेजारचे हरिदासभाऊ लगबगीनं पुढं आले आणि डोक्यावरचा मामाचा फेटा काढून त्यांनी देवेंद्रसमोर धरला. "मी नुसता उभा राह्यलो जी. मान तुमचाच हाये." देवेंद्रला तो घेता येईना.

"काऊन उशीर झाला मामासाहेब?" पंगतीतून कुणीतरी विचारलंच.

छायाताईंनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. "विमान लेट झालं ना," त्या म्हणाल्या. वाढता वाढता, सहज. लेकीच्या लग्नात बाई भावासाठी खोटं बोलली. मला तर धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

तेवढ्यात नवरदेवाचे वडील आले, किसनराव. भला माणूस. "विमानाचा काई भरोसा नाई बा," त्यांनी देवेंद्रच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्या बहिणीनं तं हात जोडले होते आमच्यापाशी. म्हने, दादाले रातच्या विमानानं वापस जा लागते, वरात वेळेवर आना. पोट्ट्यायले नाचू बी नाई देल्लं आमी."

देवेंद्रची मान खाली गेली. त्याच्या बढायांची मी वर्षानुवर्षं थट्टा करत आले, पण त्या क्षणी त्याच्याकडं बघवेना. लाज माझीही होतीच.

तो बहिणीकडं गेला. "छाया, आज राह्यतो मी. तिकीट रद्द करतो."

"कायले? लग्न तं लागलं." ताईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतले दोन डबे माझ्या हातात दिले. "सकाळीच भरून ठेवले, वहिनी. निघा आता. इथून नागपूर अडीच तास लागते, दादा. मधात कुठंई थांबू नोको."