पाचाच्या आधी एक

मी एक जुने पान आहे, मित्रांनो, पण मला वहीत शोधू नका. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात, तिसऱ्या मशीनशेजारी जो कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटात माझा मुक्काम असतो. ते मशीन कसे चालवायचे, एवढेच मी सांगतो.

तिथल्या मिस्तरींनी एका दुपारी मला तयार केले. त्यांनी जेमतेम सहा ओळी लिहिल्या आणि खाली एक बटण ठेवले, 'बदल करा'. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, "हे माझं एकट्याचं नाही. ज्याला जे कळेल, ते त्यानं इथं लिहायचं. चुकलं तर दुसरा सुधारेल. घाबरायचं नाही."

आधी कोणी हात लावेना. मग मावशी पुढे झाल्या. वीस वर्षे चादरी धुतलेल्या मावशींनी एका बोटाने अक्षरे शोधत लिहिले, 'चादरी कोंबू नयेत. मशीन रुसते.' इस्त्रीवाल्या काकांनी भर घातली, 'तीसच्या वर नको.' मावशींनी ते लगेच खोडले, 'पंचवीस. काकांना मोजता येत नाही.' असा हसतखेळत मी वाढलो. रोज कोणी ना कोणी काहीतरी लिहायचे आणि मी कालच्यापेक्षा थोडा शहाणा व्हायचो. दुसऱ्या विभागातली माणसे मला बघायला येत. खरे सांगतो, तेव्हा मला जरा गर्वच झाला होता.

पुढे मिस्तरी नोकरी सोडून गेले आणि कार्यालयात नवे साहेब आले. त्यांना मी गबाळा वाटलो. त्यांनी मला निळी चौकट दिली, माथ्यावर रुग्णालयाचे चित्र लावले आणि माझी भाषा सुधारली. मावशींचे 'रुसते' त्यात गेले. 'बदल करा' हे बटण कुठल्याशा यादीच्या तळाशी जाऊन बसले आणि त्याला पासवर्ड लागला. पासवर्डसाठी कार्यालयाचा ईमेल हवा, आणि धुलाईखान्यात तो एकाकडेही नव्हता. दिसायला मी राजबिंडा झालो, पण दिवस दिवस एकटा राहू लागलो.

त्याच वर्षी मशीनमधून पाणी बाहेर जाण्याचा पाइप बदलला. नवा पाइप अरुंद निघाला. माझ्यात लिहिले होते, 'धुणे संपल्यावर ५ मिनिटांनी दार उघडावे.' आता कढत पाणी उतरायला पंधरा मिनिटे लागू लागली. मावशींनी हे पहिल्याच दिवशी हेरले. "पाचाच्या आधी फक्त एकाचा आकडा काढायचाय," त्या काकांना म्हणाल्या, "त्याला कसली आलीय परवानगी?" तरी त्यांनी कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आले, 'आपली विनंती विचाराधीन आहे.' निवृत्त होईपर्यंत त्या रोज मला उघडून बघत आणि मान हलवून बंद करत. शेवटच्या दिवशी त्यांनी मशीनवर एक चिठ्ठी चिकटवली, '१५ मिनिटं थांबा.' दोनच दिवसांत वाफेने तिची शाई फुटून अक्षरे अंधुक झाली.

पुढच्या आठवड्यात मावशींच्या जागी एक नवी बाई आली. काका पलीकडे इस्त्रीच्या खोलीत होते. तिने चिठ्ठी पाहिली, मला उघडले, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिले. मला ओरडता आले असते, तर घसा फाटेपर्यंत ओरडलो असतो. पाच मिनिटांनी तिने दार उघडले आणि कढत पाणी तिच्या दोन्ही पायांवर आले.

काका धावत आले. "अगं, चिठ्ठी नाही का वाचलीस?"

"वाचली हो," ती रडत म्हणाली, "पण कॉम्प्युटर खोटं कशाला सांगेल?"

ती दीड महिना घरी होती. चौकशीत 'कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष' असे लिहिले गेले. काकांनी मात्र मशीनवर एक मोठा पुठ्ठा टांगला आणि त्याला दोरीने पेन बांधले. आता सगळे त्याच्यावर लिहितात, खोडतात, भांडतात. 'मशीन रुसते' हेही कोणीतरी पुन्हा लिहिले आहे म्हणे. मला त्या पुठ्ठ्याचा हेवा वाटतो, पण राग येत नाही. माझ्याकडे आता कोणी फिरकत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखी पाने कराल. ती हवी तशी सजवा, पण ज्याला चूक दिसते, त्याच्या हाताशी ती सुधारायचे बटण राहू द्या. मावशींचा अर्ज अजून विचाराधीन आहे. उद्या एखादे नवे माणूस आले आणि त्याने मला उघडले, तर मी त्यालाही पाचच सांगणार आहे. मला दुसरे काही सांगता येत नाही.