फ्रेंच हॉटेलातली एकवाढी

"घाई नोको करू माय. आधी भूक किती हाये ते पाह्य, मंग मले सांग. एकदा वाढलं का मंग देवालेही मागता येत नाही तुले."

चातुर्मासात ताट वाढण्याआधी आक्का मला रोज हे सांगायच्या. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, मनकर्णा. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले तेव्हा त्या आमच्या अकोल्याच्या घरी आल्या आणि आमच्याच झाल्या. माझा एकवाढीचा नेम त्यांच्याच जिवावर चालतो. चार महिने ताटात एकदाच जे वाढलं तेवढं जेवायचं. पुन्हा घ्यायचं नाही आणि टाकायचंही नाही. लोक म्हणतात, व्रत करणाऱ्याचं. माझ्या मते ते वाढणाऱ्याचंही असतं. आक्का माझ्या तोंडाकडे पाहून भाकरीचा चतकोर कमीजास्त करतात, आणि कधी चुकत नाहीत.

आठ दिवसांपूर्वी ह्यांनी त्यांना अकोटला, चुलतपुतण्या खुशालरावांकडे नेऊन सोडलं. आमच्या मुलासाठी, कुलदीपसाठी, मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार होती. घरात गर्दी नको, असं ह्यांचं म्हणणं. गाडीत बसताना आक्कांनी माझा हात धरला.

"आठ दिवस म्हनते तुहा नवरा. ध्यान ठेवशीन ना?"

"आठव्या दिवशी मी स्वतः न्यायला येते, आक्का," मी म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपून उठले तर हे म्हणाले, "चाल, अमरावतीले जेवायले नेतो तुले. नवीन फ्रेंच हॉटेल निघालं तिथं. येताना अकोटवरून येऊ."

माझा वाढदिवस नव्हता. आमच्यात चातुर्मासात लग्न लागत नाही, तेव्हा लग्नाचाही नव्हता.

"पण कशासाठी?"

"नवऱ्यानं बायकोले नेऊ नये काय? अठ्ठावीस वर्षांत कुठं नेलं तुले?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी अंजिरी साडी नेसले.

हॉटेलात भर दुपारी पडदे ओढून मेणबत्त्या लावल्या होत्या. आपल्याकडे लाइट गेली की मेणबत्ती शोधतात, इथे लाइट असून अंधार केला होता. शेजारच्या टेबलावरचं जोडपं हातात हात घालून बसलं होतं. मी नजर खाली घेतली. हे वाकून म्हणाले, "कांदा, लसूण, वांगं काहीच नाही. फोन करून सांगून ठेवलं होतं." माझ्या चातुर्मासातलं एवढं ह्यांच्या ध्यानात होतं, म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

काळ्या जाकिटातल्या मिशीवाल्या वाढप्यानं परातीएवढी पांढरी बशी समोर ठेवली. मधोमध बिटाच्या तीन चकत्या, त्यावर चीजचा बोटभर तुकडा आणि एक पान. मी हात जोडले आणि संथपणे जेवले. एवढ्यानं काय होणार, असं मनात आलं, पण वाढलं ते वाढलं. पानसुद्धा खाल्लं. मग पाणी पिऊन पुन्हा हात जोडले.

वाढप्यानं बशी उचलून दुसरी आणली.

"नको, माझं झालं."

"झालं?" तो गोंधळला आणि एकदम आपल्या बोलीवर आला. "ताई, हे तं सुरुवात व्हती. आजून पाच येऊन राहिले."

"रश्मी, हे सारं एकच जेवण असते," हे दबक्या आवाजात म्हणाले. "थोडं थोडं आणतात."

"मला एकवाढी आहे."

"मले काय माहीत?"

बावीस चातुर्मास मी ह्यांच्यासमोर बसून एकवाढी जेवले होते. पण वाढत होत्या आक्का, आणि ह्यांच्यापुढे पेपर असायचा.

वाढपी बशी तशीच ठेवून गेला. हे कपाळाला आठ्या घालून काटा फिरवत राहिले. "चांगलं बोलावं म्हणून आणलं तुले, तं तू इथंही देव काढला." मग मेणबत्तीकडे पाहत म्हणाले, "हे पाह्य, आक्का आता खुशालकडंच राहीन. ती खोली कुलदीपले लागणार. तिले तू सांग फोनवर. तुहं ऐकते ते."

"आज आपण त्यांना आणायला जाणार होतो."

"जाऊन काय करतं? तिची पेटी मंगळवारीच पाठवली मी."

मंगळवारी संध्याकाळी मी देवळात होते. ह्यांनी माझी आरतीची वेळ बरोबर साधली होती. व्रत ठाऊक नव्हतं, वेळ मात्र ठाऊक होती.

"आक्कांना विचारलं?"

"तिले काय विचारा लागते? खुशालकडं काय जेवाले भेटत नाही काय?"

"मी शब्द दिला आहे."

"शब्द!" हे हसले. "बारा महिने चतुर्थी, चार महिने एकवाढी, अन् आता हे शब्द. नवऱ्यासाठीही एखादं व्रत ठेवत जाय."

ठेवलं होतं. सोळा सोमवार ह्यांच्याच प्रकृतीसाठी केले होते. ते सांगण्यात काही अर्थ राहिला नव्हता. मी पदर सावरून उठले.

"कुठं चालली? लोक पाहून राहिले. बस खाली."

"तुम्ही जेवा," मी म्हणाले. "दोन्ही बश्या आहेत."

दारात वाढप्याला विचारलं, अकोटची एसटी कुठे लागते. त्यानं आत ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता रिक्षा थांबवून दिली.

स्टँडवर ह्यांचा फोन दोनदा वाजला. मी उचलला नाही. आक्कांना घेऊन परत कुठे जायचं, हे मला कळत नव्हतं. घराची दुसरी किल्लीही ह्यांच्याकडेच होती. अकोटची गाडी लागली तेव्हा अडीच वाजून गेले होते. खिडकीजवळ एक जागा होती. मी शेजारच्या बाईला विचारलं, "ही किती वाजता पोचते?"

"सहाच्या आत पोचते, बाई."

मी बसले.