शब्द विचारण्याचं निमित्त

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, आणि आज मला तुमच्यासमोर मान वर करून बोलवत नाही.

माझं नाव ‘दव्वार’. माझं मूळ लॅटिनमध्ये. तिथल्या एका क्रियापदाचा अर्थ होता, देणं लागणं. त्याच्यापासून मी फ्रेंचमध्ये घडलो आणि माझा अर्थ झाला कर्तव्य. शाळेतला गृहपाठही तिकडे माझ्याच नावाने ओळखला जातो, त्यामुळे मुलांचं माझ्यावर फारसं प्रेम नाही. पुढे मी इंग्रजीत गेलो. सुरुवातीला तिथेही कर्तव्यच होतो. मग कुणाला भेटून आदर दाखवणं, विचारपूस करणं, अशा सौजन्याच्या रीतींसाठी लोक माझं अनेकवचन वापरू लागले. मला ‘अदा’ करायला माणसं एकमेकांच्या दारी जात. तेव्हा मला मान होता. पुढे पुढे मात्र टोपीला हात लावला की झालं, असं होऊ लागलं. माझ्यातलं देणं झिजलं, नुसती रीत उरली. शेवटी मीही वापरातून गेलो आणि शब्दकोशात पडून राहिलो.

हा कोश एका मावशीचा. तिने भाचीला अनुवाद करायला शिकवलं आणि डोळे अधू झाल्यावर कोश तिलाच देऊन टाकला. काका गेल्यापासून मावशी एकटी राहते. भाचीने तेव्हा फोन केला होता, फुलं पाठवली होती. भेटायला जाणं मात्र राहून गेलं. आधी काम होतं. मग उशीर झाल्याचा संकोच, आणि संकोचापायी आणखी उशीर.

परवा ती अनुवाद करत असलेल्या एका जुन्या इंग्रजी कादंबरीत मी तिच्यासमोर आलो. तिने ‘शिष्टाचार’ असं लिहिलं, खोडलं आणि कोश उघडला. ‘देणं लागणं’ या शब्दांवर तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग कोश पिशवीत टाकून तिने मावशीचं घर गाठलं. दार उघडताच तिने मलाच पुढे केलं. एका शब्दापाशी अडलंय, म्हणाली.

मावशीने तिला बसवलं, कोश मांडीवर घेतला आणि भिंगाखाली मला शोधून काढलं.

“इथे तर सगळं स्पष्ट लिहिलंय. यात तुला न कळण्यासारखं काय आहे?”

मावशीने भिंगावरून भाचीकडे पाहिलं.

“शब्द अडला नसता, तर आली असतीस का गं?”

भाची फरशीकडे बघत म्हणाली, “नसते आले, मावशी. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती.”

मित्रांनो, ज्या भेटीगाठींमुळे मला अर्थ आला, तशाच एका भेटीचं मी नुसतं निमित्त झालो होतो. माझी शाई कागदात विरून जावी, असं मला वाटलं.

“फुलं छान होती हो तुझी,” मावशी म्हणाली. “फुलदाणी मात्र मलाच धुवावी लागली.” मग तिने भिंग बाजूला ठेवलं. “मिट तो कोश. आणि काका कसे गेले ते विचार. कुणी विचारतच नाही.”

भाचीने कोश मिटला आणि विचारलं. आतल्या अंधारात मला मावशीचा आवाज ऐकू येत राहिला, मध्येच अडखळत, मध्येच हसत. माझी आठवण दोघींनाही झाली नाही.

मित्रांनो, माझा अर्थ पाठ करू नका. ज्यांचं देणं लागता, त्यांच्याकडे उशीर झाला असला तरी जा, रिकाम्या हाताने जा. आणि दार उघडल्यावर मला पुढे करू नका.