वर आवाज येत नाही

"आई, तळमजल्यावरची जागा घेतलीय. ही बघ किल्ली. आता पाच जिने बास झाले."

सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. "ऐकू येत नाही रे."

दवाखान्यातून नवा गुडघा घेऊन आम्ही नुकतेच जिन्यापाशी पोचलो होतो. लिफ्ट नाही. नवरा वैतागला, मला मात्र हसू आलं. ही सबब जुनी होती. तिची गोष्ट सासऱ्यांनी जाण्याआधी आम्हाला सांगितलेली.

सासूबाई पॅराशूट शिवायच्या खात्यात होत्या. "शिवते मी, तर भरवसा दुसऱ्यानं का ठेवायचा?" म्हणून उडी मारायला शिकल्या. पुढे बलूनच्या उघड्या टोपलीत बसून, विमानंही फिरकत नाहीत तिथवर गेल्या. बाईमाणूस तिथून उडी मारणार, असं पहिल्यांदाच होत होतं. वाटेत हेल्मेटची काच गोठली. उंचीचा काटा दिसेना. खालून साहेबांचा हुकूम सुटला: उडी रद्द, बलून खाली आणा. रेडिओवर सासरे.

"खाली ये गं. साहेब म्हणताहेत."

"आवाज येत नाही."

सासऱ्यांना बायको ठाऊक होती. "येत नाही ना? बरं. मग मी आपला एकटाच बडबडतो." खालच्या यंत्रावर बघत ते उंची सांगत राहिले. वारा पडलाय, बाळ झोपलंय, तेही. शेवटी म्हणाले, "आता उडी मार, असं म्हणालो असतो. पण तुला कुठं ऐकू येतंय?"

सासूबाईंनी उडी मारली.

हुकूम मोडला म्हणून त्यांना परत मशीनवर बसवलं. माफी मागितली नाही. साहेबांची बदली होईपर्यंत शिवत राहिल्या, मग पुन्हा वर गेल्या.

आता त्यांनी कठडा धरला आणि पहिली पायरी चढल्या.

"आई!" नवरा ओरडला, मग मला म्हणाला, "अगं, तू तरी सांग ना तिला!"

"मी कशाला?" मी म्हटलं. "आज रेडिओवर तू आहेस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी झोपलेलं बाळ ते हेच. किल्ली खिशात टाकून त्यानं आईची पिशवी उचलली, आणि दोन पायऱ्या मागे राहून चढू लागला.

"ऐकू येत नाही ना? बरं. मग मी आपला एकटाच बडबडतो. दूध आणून ठेवलंय. चादर बदललीय. बाबांचा फोटो पुसलाय."

वळणावर सासूबाई थांबल्या, पाठमोऱ्याच. दम खाल्ला. खिशातलं यंत्र कानात गेलं.

"पुढे बल्ब गेलाय," नवरा सांगत होता. "एक पायरी फुटलीय. डावीकडून चढायला हवं."

सासूबाई अंधारात डावीकडे सरकल्या, आणि चढू लागल्या.