बिनतारी महाराज आणि कर्णिकांचा माऊस

खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी कर्णिकांच्या दारात इतक्या चपला साचल्या होत्या, की शेजाऱ्यांना स्वतःच्या घरात शिरायला दुसऱ्यांच्या चपला तुडवाव्या लागत होत्या. घोडबंदर रोडच्या रहदारीतून कशीबशी सुटून देवयानी आईकडे आली आणि तो ढीग पाहून दाराबाहेरच थबकली. आईला काही झालं की काय! तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या.

"चपला बाहेर, शंका बाहेर!" दारातल्या अनोळखी बाईंनी तिला अडवलं.

"अहो, हे माझ्या आईचं घर आहे."

"असू दे. शंका बाहेर."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर बाबांचा कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पडद्याला चक्क झेंडूचा हार घातला होता. समोरच्या खुर्चीत आई, चित्राबाई, हात जोडून बसली होती. तिच्या शेजारी भगव्या रेशमी कुर्त्यातले, मनगटावर स्मार्ट घड्याळ बांधलेले एक गृहस्थ उभे होते. कल्याणचे सुप्रसिद्ध बिनतारी महाराज. मागे त्यांचा शिष्य जगन खांद्याला झोळी अडकवून, एक हात झोळीत घालून जप करत होता.

"माई," महाराज म्हणाले, "पूर्वी माऊसला शेपूट असायची. वायर! ती गेली. म्हणून माऊस मेला का? नाही, मोकळा झाला! तसाच आत्मा. देहाची वायर गळाली, जोडणी शाबूत आहे. फक्त पेअरिंग करणारा भेटावा लागतो!"

"वा वा!" सोसायटीचे सेक्रेटरी हुंकारले.

"अगं, मीच आणलं त्यांना," शेजारच्या भावनाकाकू देवयानीच्या कानाशी लागल्या. "तुझे बाबा गेल्यापासून माऊस कुणाच्या हाताने चालत नाही ना! महाराज म्हणाले, त्याला मालकाचा हात हवाय."

आता हे खोटं नव्हतं. विश्राम कर्णिक वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि तीन महिन्यांपूर्वी गेलेले. त्यानंतर एकदा आईला त्यांचे फोटो बघायचे होते, तर पडद्यावरचा बाण जागचा हलेना. देवयानीच्या नवऱ्याने, शौनकने, नवे सेल घातले. मग नवा माऊससुद्धा आणला. तोही ढिम्म.

"या, सेक्रेटरीसाहेब," महाराजांनी बोलावलं. "हलवा."

सेक्रेटरींनी टेबलावरच्या काचेवर माऊस घासला, दाबला, शेवटी चुचकारलासुद्धा. बाण हलला नाही. महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि काचेवर चिमूटभर भस्म भुरभुरवलं. माऊस त्यावर ठेवला. बाण सुळकन पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला धावला.

घर दणाणलं. आईच्या डोळ्यांना धार लागली.

"ही नुसती दारावरची टकटक झाली. आता बोलणं! कीबोर्डचे सेल काढा. काढा, काढा! सेल हा देहाचा आधार. आत्म्याला कसला सेल?"

सेक्रेटरींनी वायरलेस कीबोर्डातले सेल काढून आपल्या तळहातावर ठेवले. महाराजांनी कीबोर्डाला हातही लावला नाही. आणि रिकाम्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. मजकूर मराठी होता, अक्षरं इंग्रजी.

चित्रा, मी सुखात आहे. सुई सोड. महाराजांचे तीर्थ घे.

टाळ्या, जयजयकार. देवयानीच्या अंगावर मात्र काटा आला, आणि तो आत्म्याचा नव्हता. आईला मधुमेह होता. इन्सुलिनची सुई तिला रोज घ्यावी लागे आणि इतकी वर्षं ती बाबा देत. पेपरातल्या बातमीवर वाद घालत घालत ते सुई कधी टोचत, ते आईला कळतही नसे. आता ती स्वतः घ्यायची, तोंड फिरवून, ओठ आवळून. सुई टोचण्यापेक्षा सुई देणारा नसणं तिला जास्त टोचत होतं. सुई सोडायची परवानगी तिला कोणाकडून हवी असेल, तर ती त्यांच्याकडूनच.

गर्दी पांगल्यावर देवयानीने फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन काढलं. आईने हात मागे घेतला.

"आता कशाला? ऐकलं नाहीस, हे काय म्हणाले?"

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? सुई अशी एकाएकी सोडली तर दवाखान्यात न्यावं लागेल तुला."

"डॉक्टरांपेक्षा ह्यांना माझी जास्त काळजी होती."

"आणि बाबा इंग्रजी अक्षरांत मराठी कधीपासून लिहायला लागले? मी तसं लिहिलं तर महिनाभर ऐकवायचे मला."

"महाराज म्हणाले, तिकडे मराठी कळफलक नसतो."

"म्हणजे स्वर्गात कळफलक आहे, पण फक्त इंग्रजी?"

आईच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिने ते गिळलं. "तुला ते यायला नको आहेत का गं?"

देवयानीला तर ते कोणापेक्षाही जास्त हवे होते. ती म्हणाली, "उद्या चारला महाराज परत येणार आहेत ना? तोवर सुई घे. उद्या बाबांनीच पुन्हा सांगितलं, तर मी स्वतः हे पेन टाकून देईन."

सौदा पटला. आईने दंड पुढे केला.

रविवारी सकाळी आई महाराजांसाठी फुलं आणायला बाजारात गेली आणि देवयानी त्या टेबलासमोर बसली. ही वायरलेस जोडी नवी होती तेव्हा बाबांचा फोन आला होता. "माऊस गेला गं आपला!" मग पोटाखालचं बटण चालू आहे का, सेल उलटा तर नाही ना, कॉम्प्युटरला लावायचा नखाएवढा रिसीव्हर नीट बसलाय का, अशी तपासणी चालली. तिने घाईत सगळं एकदम करायला सांगितलं, तर बाबा म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाई. दोन बदलल्या तर चूक कुठे होती ते कसं कळणार?"

तर मग, बाबा गेल्यापासून या टेबलाशी काय बदललं होतं? बाबा नव्हते, हे एक. आणखी काही?

होतं की! तेराव्यानंतर आईने बाबांचा फोटो टेबलावर ठेवून वर जाड काच बसवून घेतली होती. बाबा ज्या जुन्या दिवाळी अंकावर माऊस फिरवायचे, तो रद्दीत गेला होता. आणि आई ती काच रोज लख्ख पुसत होती.

देवयानीने माऊस उलटा केला. पोटाखाली लाल दिवा. त्या दिव्याच्या उजेडात आतला बारकासा डोळा खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो घेत असतो. खडबड, रेषा, कण किती सरकले यावरून माऊस कुठे निघालाय, हे तो ओळखतो. लख्ख काचेवर त्याला दिसणार काय? कपाळ! तिने काचेवरचं भस्म ओल्या फडक्याने पुसलं. बाण मेला. डब्यातली चिमूटभर कणीक भुरभुरवली. बाण धावला. रिकाम्या घरात ती मोठ्याने हसली.

मग कीबोर्ड. सेल काढूनही अक्षरं उमटतात, याचा साधा अर्थ एकच: अक्षरं या कीबोर्डातून येतच नाहीत. बाबांचा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला होता. ती टेबलाखाली शिरली, मोबाईलचा उजेड मागच्या बाजूला मारला. तिथे दुसरा एक रिसीव्हर बसला होता, काळा, नखाएवढा. आई बाजारातून परतल्यावर तिला विचारलं तेव्हा कळलं, की शनिवारी जगनने 'यंत्रशुद्धी' म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याला मागून-पुढून गोमूत्राचं फडकं फिरवलं होतं.

देवयानीने तो रिसीव्हर काढला, आपल्या लॅपटॉपला लावला, एक कोरं पान उघडलं आणि लॅपटॉप स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी ठेवला.

चार वाजता चपलांचा ढीग दुप्पट झाला होता. भस्म पडलं, बाण धावला, सेल निघाले. "बोला, विश्रामराव!" महाराजांनी साद घातली.

पडदा कोरा.

"बोला!" जगनचा झोळीतला हात जोरात जपू लागला. पडदा कोराच. महाराजांनी घसा खाकरला. "गर्दी जास्त आहे. आत्मा लाजतोय."

"लाजत नाहीयेत, महाराज," देवयानी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. "बाबा इकडे आलेत. मिक्सरजवळ." आणि तिने लॅपटॉप बाहेर आणून सर्वांसमोर धरला. कोऱ्या पानावर तीच ओळ पुन्हा पुन्हा उमटली होती: चित्रा, सुई सोड. चित्रा, सुई सोड. चित्रा, सुई सोड.

"अगं बाई! दुसऱ्या कॉम्प्युटरवर पण आले!" भावनाकाकूंनी हात जोडले.

"पाहिलंत?" महाराजांनी संधी साधली. "सर्वव्यापी!"

देवयानीने कपाळाला हात लावला. इतकं उघडं पाडूनही चमत्कार दुप्पट! "बरं, सर्वव्यापी. मग ही बारीक वस्तू काढली तरी येतीलच." तिने रिसीव्हर उपसून सर्वांना दाखवला. "ही काल आमच्या कॉम्प्युटरच्या मागे होती. आमची नाही. आता बोलवा."

महाराजांनी बोलावलं. काही आलं नाही.

"ती लाव परत," खुर्चीतून आईचा आवाज आला. ती उठली, देवयानीने रिसीव्हर लावताच लॅपटॉप स्वतःच्या हातात घेतला आणि जगनकडे वळली. "तू. झोळी खाली ठेव आणि दोन्ही हात वर कर."

"माई, जपात खंड पडेल..."

"पडू दे. वर कर म्हणते ना!"

जगनचे हात वर गेले. आईने पडद्याकडे पाहिलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "ऐकताय का?"

ती थांबली. खरोखर थांबली. पान कोरंच राहिलं. देवयानीला वाटलं, आपण हे सगळं उगाच केलं. पण आईने मान वर केली, तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

तेवढ्यात जगनने पायाने झोळी मागे सरकवली आणि पडद्यावर एकच अक्षर सरसर उमटत गेलं. ओळ भरली, दुसरी भरली.

"हे काय म्हणतायत?" भावनाकाकूंनी विचारलं.

"हे ते नाहीत," आई म्हणाली. "हा ह्याचा पाय आहे."

सेक्रेटरींनी झोळीत हात घालून वहीएवढा कीबोर्ड बाहेर काढला, आणि मग जे हसू फुटलं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. महाराज विजेच्या लहरींबद्दल काही सांगू पाहत होते. सेक्रेटरींनी त्यांना सांगितलं, की चमत्काराच्या नावाने फसवणं या राज्यात गुन्हा आहे, आणि उरलेलं प्रवचन पोलीस चौकीत द्यायला तेही सोबत येतील.

"पण मग भस्म?" भावनाकाकू हटेनात. "भस्माने माऊस चालला, ते मी डोळ्यांनी बघितलं!"

"तुमच्या डोळ्यांनी खरंच बघितलं, काकू. भस्माने चाललाच." देवयानीने काच पुसली आणि कणकेचा डबा पुढे केला. "आता तुम्ही चालवा. मंत्र म्हणू नका."

काकूंनी कणीक भुरभुरवली. बाण धावला. त्यांनी काच पुसून पावडर टाकून पाहिली, मग नुसता वर्तमानपत्राचा कागद ठेवून पाहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडची खिचडी सांडली असती तरी मी महाराज झाले असते!"

सगळे गेल्यावर आई सोफ्यावर बसली. "देवयानी, मी वेडी ठरले ना सगळ्यांत?"

"नाही. तुला ते हवे होते. हवं असणं हा मूर्खपणा नाही. पण ज्याला आपली ती गरज कळते, तो तिच्यावर दुकान मांडतो. म्हणून विचारायचं, आई. काय बदललं, कुठून आलं, हे काढल्यावर ते बंद पडतं का? कोणी कितीही गोड बोललं तरी विचारायचं. आणि औषध सोडायला सांगेल, त्याला तर दारातच. प्रश्न विचारल्याने गेलेलं माणूस दुसऱ्यांदा जात नाही."

जेवायची वेळ झाली तशी देवयानी पेन घेऊन आली आणि टोपण काढू लागली.

"दे इकडे," आई म्हणाली. "तू फक्त डोसचा आकडा बरोबर लागलाय का ते बघ."

तिने पोटावरच्या कातडीची चिमूट धरली आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. सुई आत जाताना तिने नीट पाहिली, मनात आकडे मोजले, पेन काढलं.

"एवढंच असतं होय," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.