तिसऱ्या डब्याची खिडकी

वच्छलाचा निरोप देवाजीपर्यंत पोचायला सात दिवस लागले, कारण तो सात माणसांच्या तोंडून चालत आला. टपाल नव्हतं असं नाही. पण मुलीनं सासरच्या गावी, मूलला, टपालात पत्र टाकायचं, ते कोणीतरी रानातल्या रेल्वे-मजुरांच्या गँगच्या चाळीवर आणायचं, आणि मग देवाजीनं वाचून दाखवणारा मास्तर शोधत तीन कोस फिरायचं, इतका खटाटोप सांगितलाय कोणी? त्यापेक्षा चावीवाले बरे.

गोंदियाहून चांद्याला जाणारी ती लहान गाडी. रेल्वे कंपनीच्या काळात तिचे रूळ पडले, पुढे कंपनी गेली, सरकार आलं, पण गाडी तीच आणि तिचं धापा टाकणंही तेच. बांबू, तांदूळ, तेंदूपत्ता, बाजाराची माणसं, शिवरातीला मार्कंड्याची जत्रा, सगळं तिच्याच पाठीवर. आणि तिच्या रुळावर दर तीन-चार मैलांना एक चावीवाला. रोज सकाळी लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून त्यानं आपला तुकडा पायी तुडवायचा, रुळाला धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की ठोकायची. तुकडा संपला की तिथं पलीकडचा चावीवाला भेटतो. दोघं घटकाभर टेकतात, एका काडीत दोन विड्या पेटवतात आणि इकडची बातमी तिकडे जाते. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लगीन मोडलं, सगळं. असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण लाइनवर सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि एकाही साहेबाला ठाऊक नव्हतं.

तर सातवा माणूस होता बिरजू. देवाजीच्या शेजारच्या, सिंदेवाहीकडच्या तुकड्याचा, गोंडाचा पोर, हसरा. त्यानं देवाजीला लांबूनच हाक दिली.

"देवाजीभाऊ! तुमची वच्छला येत्या मंगळवारच्या गाडीनं जाऊन राह्यली. भिलाईले. जावयाले लोखंडाच्या कारखान्यात काम लागलं. इंजिनापासून तिसरा डबा, उगवतीकडची खिडकी. बाबाले अन् मायले मना, चढावावर उभे राहा, मी नातू दाखवतो. असं सांगितलं तिनं."

"तिनं 'दाखवतो' मनलं?"

"तिनं 'दाखवते' मनलं असंन. सात गड्यांच्या तोंडून आलं ना भाऊ, बाईचं बोलणं गड्याचं झालं."

देवाजी हसला खरा, पण विडी हातातच विझली. भिलाई! ते मूलइतकंही जवळ नाही. मूल म्हणजे पंचवीस मैल, आणि त्या पंचवीस मैलांतसुद्धा तीन वर्षांत पोर एकदाच घरी येऊन गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. वच्छलाच्या आईनं, भागीरथानं, चाचपडत चाचपडत गोधडी शिवून ठेवली होती, डिंक आणवला होता. पण सासूनं साफ सांगितलं, आंधळी माय बाळंतिणीचं काय पाहणार, आम्ही नाही पाठवत. खोटं नव्हतं ते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून भागीरथाला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पण खरं बोललं म्हणून कमी लागतं असं थोडंच आहे? त्या दिवशी भागीरथा जेवली नाही. आणि देवाजीला तेव्हापासून मूलकडून येणारी प्रत्येक गाडी आपल्या घरावरून तोंड फिरवून जाते असं वाटायचं. गाडीचा काय दोष, पण वाटायचं.

त्यानं मुकादमाकडे मंगळवारची सुटी मागून पाहिली. गाडी सिंदेवाहीला थांबते, तिथं जाऊन पाच मिनिटं तरी लेकराला हातात घेता आलं असतं. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण त्याच आठवड्यात साहेबाची तपासणीची ट्रॉली यायची होती.

"देवाजी, तुझा तुकडा कोणाले देऊ? दोन माणसं तापानं पडली. तू आपला चढावावरच उभा राह्य. दिसेल ना तिथूनही."

भागीरथा म्हणाली, "बरंच झालं. सिंदेवाहीले मी कशी आली असती? चढावावर तर मलेही येता येते."

"तू येऊन काय करशीन व?"

"काय करीन? उभी राहीन. आयकीन. तुमी पाहून मले सांगा, कोनावर गेला ते. मले बाकी काई नको, फक्त एवढं सांगा."

मंगळवारी देवाजीनं काम लवकर उरकलं. धुतलेला सदरा घातला, पागोटं बांधलं, भागीरथाला नवं लुगडं नेसायला लावलं आणि तिचा हात धरून तिला रुळाखालच्या लाकडी स्लिपरवरून एक-एक पाऊल टाकायला शिकवत चढावापर्यंत नेलं. पाऊण मैलाला पाऊण तास लागला. वाटेत ती तीनदा ठेचकाळली आणि तीनदा हसली. मोहाच्या झाडाखाली, रुळापासून आठ हातांवर त्यानं तिला उभं केलं.

"इथीच राह्य. हलू नको."

"मी काऊन हलू? हलणार तर ती गाडी."

त्या चढावावर गाडी इतकी मंद व्हायची की धडधाकट माणूस पळत तिच्या सोबत जाईल. देवाजीनं मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. इंजिन जाऊ द्यायचं, पहिला डबा, दुसरा डबा, मग तिसऱ्याच्या खिडकीवरून नजर काढायची नाही. आधी पोराचं तोंड, मग पोरीचं. हो, आधी पोराचं, कारण भागीरथाला तेच सांगायचं होतं.

रूळ गुणगुणायला लागले. धूर दिसला. काखेतली हिरवी झेंडी त्यानं सवयीनं उजव्या हातात घेतली.

इंजिन आलं, गरम वाफेचा फवारा सोडून गेलं. ड्रायव्हरनं ओळखीचा हात केला. पहिला डबा आला. खिडक्यांतून धानाची पोती, पागोटी, बायकांचे पदर. देवाजी वर पाहत होता. आणि पहिल्या डब्याच्या मागच्या चाकाखालून आवाज आला. ठक. ठक. ठक.

आता चावीवाल्याला हे कोणी समजावून सांगायला लागत नाही. गाडी जाताना त्यानं बाजूला उभं राहून खाली पाहायचं असतं. चाक, धुरा, तेलाचा डबा, काही लोंबतं का, काही तापून धुरतं का. सव्वीस वर्षं देवाजीनं डोळ्यांत तेल घालून प्रत्येक गाडीची चाकंच पाहिली होती. सव्वीस वर्षांत गाडीत बसलेल्या एका माणसाचं तोंड त्याला आठवत नव्हतं. ठक आवाज झाला आणि त्याची नजर खाली गेली. गेली ती गेलीच. चाकाला चपटा डाग आहे की चावी निसटली? डागच, गाडी थांबवण्याइतका नाही. ठक, ठक. दुसऱ्या डब्याची चाकं ठीक. पुढची ठीक, मागची ठीक. तिसऱ्याची पुढची ठीक, धुऱ्याला धूर नाही, मागची ठीक. चौथ्याची ठीक. पाचव्याची ठीक. शेवटी गार्डचा डबा आला, आणि देवाजीनं हिरवी झेंडी उंच धरून गार्डला खूण केली, गाडी बरोबर आहे.

गार्डनं झेंडी हलवली. गाडी चढाव चढून वळणाआड गेली.

मग कुठे देवाजीला कळलं.

अरे देवा! हे काय करून बसलो! तो वळणाकडे दोन पावलं धावला आणि थांबला. काय धावतोस लेका, आता काय धावतोस! लेक भिलाईला निघाली, आणि तू तिच्या डब्याची चाकं पाहिलीस. झेंडी त्यानं रागानं मातीत फेकली. सरकारी झेंडी आहे म्हणून उचलून पुन्हा काखेत मारली.

मागे भागीरथा तशीच उभी होती, तोंड गाडी गेली त्या बाजूला.

"आयकता का जी? पाह्यला का? कोनावर गेला?"

देवाजी आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता असं नाही, पण या बाईशी बोलला नव्हता. तो तिच्याकडे पाहत राहिला. नवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि ती वाट पाहणारी, न पाहणारी नजर.

"तुह्यावर," तो म्हणाला.

"माह्यावर?"

"पुरा तुह्यावर. नाक तर तुहंच उचलून लावलं. जावळ दाट हाये, कुरळं. गाल फुगलेले. वच्छलानं त्याले लाल टोपडं घातलं होतं. हातवारे करून राह्यला होता."

"हसला?"

"हसला ना. माह्याकडे पाहून हसला."

भागीरथानं पदरानं डोळे टिपले. देवाजीनं तिचा हात धरला, दोघं परतायला लागले. स्लिपर, स्लिपर, स्लिपर. त्याला वाटलं, चला, एवढ्यावर भागलं. ती सुखात आहे, आपल्या छातीवर धोंडा राहील तर राहो.

अर्ध्या वाटेत ती थांबली.

"वच्छला वरडत होती," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"तिसऱ्या डब्यातून. 'बाबा, वर पाहा. बाबा, इकडे पाहा जी.' तीनदा मनली. मंग रडली. मंग लांब गेली."

देवाजीला तर काहीच ऐकू आलं नव्हतं, फक्त ते ठक-ठक.

"मी चाकं पाहत होतो व," तो म्हणाला. रुळावर बसला आणि पागोट्यात तोंड घालून तो लहान पोरासारखा रडला. "चाकं पाहत होतो. तिसऱ्या डब्याचे चारही चाकं ठीक होते, भागीरथा. एवढंच पाह्यलो मी."

भागीरथा चाचपडत त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रानात कोणी नव्हतं. पुढची गाडी संध्याकाळी.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ठीक होते ना चाकं?"

"हो."

"मंग पोर नीट पोचंन."

तिनं त्याचं पागोटं चाचपून सरळ केलं, आणि थोडी सरकून त्याच्या खांद्याला टेकली.

"आता सांगा जी," ती म्हणाली. "जावळ कुरळं मनलं तुमी. अन् डोळे? डोळे कसे हायेत त्याचे?"