मला तेल लावू नका

मित्रांनो, मी एक जुनी थापी आहे. थापी म्हणजे मूठ असलेली जाड, चपटी फळी. रंगाऱ्यांच्या कारखान्यात ओले कापड धोपटायला ती लागतेच. पण मी आयुष्यात एकदाही कापड धोपटलेले नाही. माझ्याकडून कान धोपटले गेले. हे मी खाली मान घालून सांगणार नाही, कारण मुळात मला मान नाही. आणि लाकडाला कोणी विचारून कापत नाही, तेव्हा लाज ज्यांना वाटायला हवी त्यांना खुशाल वाटू द्या.

ज्यांच्याकडे मी राहिले ते लोक लवकाने. त्यांना तुमच्यासारखेच दोन हात, दोन पाय आणि तुमच्यासारखेच सर्दीने लाल होणारे नाक. फरक काय तो कानांचा. लवकान्यांचे कान वीतभर लांब, मऊ आणि मालकाचे काडीइतकेही न ऐकणारे. आनंद झाला की कान ताठ उभे राहायचे. भीती वाटली की मानेला चिकटायचे. खोटे बोलले की टोके आत वळायची. असे कान असलेल्या लोकांनी खरे तर सगळ्यांत मोकळे असायला हवे होते. पण या लोकांनी स्वतःच्या कानांचीच धास्ती घेतली आणि अदब नावाची गोष्ट काढली.

अदब म्हणजे थोरांसमोर कान पाडून उभे राहायचे. थोर बोलत असताना चकार शब्द काढायचा नाही. अगदीच अडले तर उजवा हात वर करून थांबायचे, त्यांचे बोलणे संपेपर्यंत. कोणतीही गोष्ट आधी थोराला, मग धाकट्याला. पाणी, ताट, खुर्ची, दारातून बाहेर पडण्याचा मान, सगळे याच क्रमाने. शेजारच्या घराला एकदा आग लागली, तेव्हा आजोबांना चपला सापडेपर्यंत सगळे घर आतच उभे होते. बाहेर आले सगळे, पण भुवया जाळून घेऊनच. आणि गल्लीने त्यांची पाठ थोपटली, मित्रांनो!

अदब मोडली तर मार. आणि मारायचे कोणी? ज्याचा अपमान झाला त्याने. त्याने हात आखडला तर तोही अपराधी, मग त्याला आणि मूळ गुन्हेगाराला दोघांनाही रांगेतल्या पुढच्याने मारायचे. मार कानावर बसायचा. मार खाणाऱ्याने “उपकार झाले” म्हणायचे. फार मोठा अपराध असेल तर कान कायमचे पाडत. म्हणजे कानांच्या मुळाशी इतके मारत की ते पुन्हा कधी उठतच नसत. तसे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलाला पहिला दात आला तरी त्यांचे कान खांद्यावर ओल्या फडक्यासारखे लोंबत राहायचे.

सुताराने एकाच फळीतून दोन थाप्या कापल्या. माझी जुळी बहीण कारखान्याच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी गेली. तिच्या वाट्याला कपडे, फेस आणि बायकांच्या गप्पा आल्या. मला मात्र दाराशेजारी पितळी खुंटीवर टांगले. मला दर आठवड्याला तेल मिळायचे, मऊ फडक्याने पुसणे व्हायचे. पाहुणे म्हणायचे, “काय चकाकते हो तुमची थापी!” मग घरचे फुशारून जायचे. मी कशाने इतकी गुळगुळीत झाले, हे विचारायचे मात्र कोणाच्या मनात आले नाही. बहिणीचा हेवा मला तेव्हाही वाटायचा. आजही वाटतो.

कारखाना मोठ्या काकांचा. सगळे त्यांना मोठे काकाच म्हणत, अगदी त्यांच्याहून मोठा असलेला पोस्टमनसुद्धा. त्यांना भाषण करायची भारी हौस. रंग उकळायला वेळ लागतो, तेवढ्यात ते माणुसकीपासून मिठाच्या भावापर्यंत सगळीकडे फिरून यायचे. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे मधले काका. एकदा मोठे काका असेच बोलत होते, तेव्हा हंड्यातला उकळता रंग उसळून मधल्या काकांच्या डाव्या हातावर पडला. ते ओरडले नाहीत. त्यांनी उजवा हात वर केला आणि थोरल्या भावाचे वाक्य संपायची वाट पाहिली. वाक्य लांब होते.

तो हात नंतर कधी कामाला आला नाही. पण गावभर कौतुक झाले, “काय संस्कार आहेत!” त्या दिवशी पायरीवर मधल्या काकांची लहान मुलगी बसली होती. सगळे तिला धाकटी म्हणत. हंडा उसळतो आहे हे तिने आधीच पाहिले होते. तिनेही आपला इवलासा हात वर केला होता. तो कोणी पाहिला नाही, मी पाहिला. त्या संध्याकाळी तिला खाऊ मिळाला, शहाणी मुलगी म्हणून. तिने तो नळाखाली धुऊन टाकला. खाऊ कोणी धुते का? पण तिने धुतला.

धाकटी मोठी झाली, कारखान्यात हिशेबाने रंग मिसळायला लागली. हात चांगला, जीभ तिखट, आणि कान तर विचारूच नका. एखादी हिरवी छटा मनासारखी उतरली की ते टपकन उभे. मग निळ्या मला खुंटीवरून काढायचा. निळ्या म्हणजे नीळ घोटणारा मुकादम. हातांचा रंग कधी गेलाच नाही म्हणून हे नाव पडले. त्याच्यासारखा हौसेने मारणारा दुसरा नव्हता. धाकटी “उपकार झाले” म्हणायची, पण असे काही दातओठ खाऊन म्हणायची की निळ्याला दिवसभर चैन पडायचे नाही.

आता त्या दिवसाचे सांगते.

अदबदार येणार होते. लवकान्यांत अदबदार म्हणजे फार मोठा माणूस. कोण कसे वागते हे पाहत फिरायचे, हेच त्यांचे काम. सर्वांत अदबशीर कारखान्याची पाटी त्या वर्षी आम्हाला मिळणार होती. अदबदार खुर्चीत बसले आणि मोठ्या काकांनी स्वागताचे भाषण सुरू केले. काकांच्या बरोबर डोक्यावर लाल रंगाचा मोठा हंडा साखळीला लटकत होता. चुलीवरून नुकताच उचललेला, वाफाळणारा. त्या साखळीचा आकडा हळूहळू उघडू लागला.

सगळ्यांनी पाहिले. मधल्या काकांनी पाहिले, मोठ्या काकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी पाहिले, निळ्याने पाहिले. खुर्चीतल्या अदबदारांनीही पाहिले. आणि, मित्रांनो, एकेक करून सगळ्या कारखान्याने उजवा हात वर केला. मोठे काका खूश झाले. “थांबा, थांबा,” ते म्हणाले, “तुमच्या भावना कळल्या मला. पण आधी माझं पुरं होऊ द्या.”

धाकटीचाही हात वर गेला होता. अर्ध्यावरच तो खाली आला. ती धावली, दोन्ही हातांनी तिने मोठ्या काकांना छातीवर धक्का दिला आणि ओरडली, “अरे सरक ना तिथून!”

काका धाडकन बसले. हंडा पडला, नेमका ते उभे होते तिथे. फरशी तडकली, लाल वाफेने खोली भरली. काकांच्या एका चपलेचे टोक तेवढे वितळले. वाफ विरली तेव्हा धाकटी मधोमध उभी होती आणि तिचे दोन्ही कान ताठ होते. तिने थोरांचे बोलणे मध्येच तोडले होते, त्यांना हात लावला होता आणि वर अरे-तुरे केले होते. तीन अपराध, तेही अदबदारांसमोर! याची शिक्षा काय ते सगळ्यांना ठाऊक होते. तिचे कान आता कायमचे जाणार होते.

“मोठे,” अदबदार म्हणाले, “थापी उतरवा.”

काकांनी मला उतरवले. ते फुटलेल्या फरशीकडे पाहत राहिले, मग धाकटीकडे.

“साहेब, हिनं ढकललं नसतं तर आत्ता तुम्ही मला उचलत असता,” ते म्हणाले.

“तो वेगळा विषय झाला,” अदबदार म्हणाले.

काकांनी आयुष्यात इतके छोटे भाषण कधी केले नव्हते. “मग मी नाही मारत,” एवढेच म्हणून त्यांनी मला काकूंच्या हातात दिले. आता काकूंनी नवऱ्यालाही मारायचे आणि पुतणीलाही. काकूंनी मला तोलून पाहिले.

“यांना एक ठेवून द्यावी असं लग्न झाल्यापासून मनात आहे,” त्या म्हणाल्या. “पण आज नाही. आज मला हे हवेत.” आणि त्यांनी मला मधल्या काकांपुढे धरले.

मधल्या काकांनी चांगल्या हाताने माझी मूठ धरली. समोर त्यांची स्वतःची मुलगी होती. मला वाटले, आता हा माणूस रडणार. पण त्यांचा आवाज चढला. “मी ओरडलो नाही म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलंत. हात दुखायचा थांबला, ते कौतुक अजून दुखतंय. हिला मी मारणार नाही. कोण मारतो ते बघतोच.”

मग निळ्या. त्याच्या हातात गेले तेव्हा मी मनातून खचले. त्याने मला सवयीने वर उचलले. “कान पाड ना गं,” तो पुटपुटला, “म्हणजे हळू मारता येईल.”

“नाही पाडत,” धाकटी म्हणाली. “आधी आपोआप उठायचे. आता मी उठवलेत.”

निळ्याने तिच्या कानांकडे पाहिले, मग मागच्या तडकलेल्या फरशीकडे. त्याचा हात हळूहळू खाली आला. हौस फिटली होती की काय कोण जाणे, पण त्याने मला अदबदारांच्या मांडीवर ठेवले आणि रांगेत जाऊन उभा राहिला. खोलीत मारणारा असा एकच माणूस उरला होता.

अदबदार उठले. चेहरा शांत, कान खाली. त्यांनी मारले. फटका धाकटीच्या उजव्या कानावर बसला. मी स्वतःला आडवी घालू शकले नाही, मला हातपाय कुठे आहेत? माझ्या अंगातून तो आवाज गेला आणि मला संताप आला, इतका की माझ्यात ओलावा असता तर मी फुगून फुटले असते. तिच्या कानाला रक्त आले. पण तो कान परत उभा राहिला.

“म्हण, उपकार झाले,” अदबदार म्हणाले.

“माझे काका वाचले,” धाकटी म्हणाली.

अदबदारांनी मला पुन्हा उचलले. तेवढ्यात मोठे काका मध्ये आले, एका पायात चप्पल, एका पायात नाही.

“थांबा साहेब. अपराधी मीही आहे. हिच्या आधी मी. थोराच्या आधी धाकटीला मार दिलात? ही कुठली अदब?”

मग एकेकाचे कान उठू लागले. काकूंचे, मधल्या काकांचे, दारात जमलेल्या बायकांचे. निळ्याचेसुद्धा. खरेच की! प्रत्येक गोष्ट आधी थोराला. इतक्या लोकांसमोर, भर कारखान्यात, अदबदारांनी अदब मोडली होती.

अदबदारांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला काकांच्या हातात दिले, डोळे मिटले, कान पाडले आणि वाट पाहू लागले. तेही लहानपणापासून मार खातच मोठे झाले होते. तो माणूस मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

काकांनी मारले नाही. त्यांनी मला फरशीवर टाकून दिले.

अदबदारांनी एक डोळा उघडला. मार खाल्ल्यावर काय म्हणायचे ते त्यांना पाठ होते. मार न मिळाल्यावर काय म्हणायचे, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. ते टोपी घेऊन निघून गेले. जाताना दारातून आधी कोणी जायचे याचीही त्यांना शुद्ध नव्हती.

सगळे एका दिवसात बदलले असे समजू नका. पाटी दुसऱ्या कारखान्याला मिळाली. कित्येक महिने गल्लीतले लोक आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवत. आणखी अदबदार आले, धमक्या देऊन गेले. पण प्रत्येक वेळी हीच रांग लागायची आणि प्रत्येक वेळी थापी हातोहात फिरून पुन्हा खाली पडायची. मारणारा हातच मिळेना. मग पलीकडच्या कारखान्यात असेच झाले, मग त्याच्या पलीकडच्या. धाकटीच्या उजव्या कानाला वण राहिला. तो कान जरा वाकडा उभा राहतो, पण राहतो. आज कारखाना तीच चालवते आणि रंग चुकला की मुकादम तिला तोंडावर सांगतो.

मला कोणीतरी कोठीत, तुरटीच्या पोत्यांमागे भिरकावले. तेल नाही, फडके नाही. अंगावर धूळ, भेगा, कोळ्याची जाळी. अशी आत्मवृत्ते सांगणाऱ्या वस्तू इथे येऊन हुंदका देतात. मी देणार नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे मी या अंधारात काढली आहेत.

पण परवा कोठीत दोन माणसे आली. त्यांच्या गप्पा ऐकून माझे डोके फिरले आहे. मुले हाताबाहेर चाललीत म्हणे, कोणाचा धाक म्हणून राहिला नाही. थापी शोधून काढू, पॉलिश करू, पुन्हा दाराशी टांगू. मारायची नाही हो, नुसती दिसायला. शोभेची.

मित्रांनो, मी तेव्हाही खुंटीवर शोभेलाच होते. मला उतरवेपर्यंत प्रत्येक जण हेच म्हणायचा. टांगलेली थापी कधीतरी उतरते, हे मी तुम्हाला सांगते, कारण उतरत होते ती मीच. म्हणून मी आत्ताच बजावून ठेवते. मला पुसू नका, मला पॉलिश करू नका, माझ्यासाठी खुंटी ठोकू नका. माझ्यात जपण्याजोगे काही नाही.

सध्या माझ्या मुठीत लाकूड पोखरणारा एक किडा शिरला आहे. रोज थोडे थोडे खातो. मूठ आता इतकी ठिसूळ झाली आहे की जोराने धरली तर हातातच मोडेल. तुमच्यापैकी कोणी कधी त्या कोठीत आलेच, तर कृपा करून एवढे करा. त्या किड्याला हाकलू नका, त्याचे जेवण अजून व्हायचे आहे.